जिजीच्या वाड्यावरचे कार्यक्रम: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे, अहिराणी पट्ट्यातलं. गावाचं, घराण्याचं, माणसांचं नाव मुद्दाम देत नाहीये. वाड्याच्या वाटण्या अजून व्हायच्यात आणि गाव एवढुसं आहे की नुसतं आडनाव लिहिलं तरी सगळ्यांना सगळं कळतं. ज्या बाईंचा विषय आहे त्यांना अख्खं गाव जिजी म्हणायचं, आपणही जिजीच म्हणू. मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि या कार्यक्रमांच्या समितीत पहिल्यापासून होतो. कुणाला आपल्या गावातल्या अशाच एखाद्या विसरलेल्या बाईसाठी तिच्याच घरात काही करायचं असेल तर भांडणांसकट सगळं आधी माहीत असलेलं बरं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पार्श्वभूमी

जिजी लहान वयात विधवा झाल्या. मूलबाळ नाही. नवऱ्यामागे जमिनीचा एक तुकडा त्यांच्या नावावर राहिला आणि वाड्याच्या पुढच्या दोन खणांत त्या शेवटपर्यंत राहिल्या. म्हाताऱ्या माणसांना आठवतं ते इतकंच की दुपारी ओट्यावर बाया जमायच्या आणि जिजी त्यांना पाटीवर स्वतःचं नाव गिरवायला लावायच्या. तरुण पोरांसाठी तो फक्त पडका वाडा, जिथं बॉल गेला की परत येत नाही.

आता सही कशासाठी शिकवायच्या, हे कळायला थोडं मागं जावं लागतं, आणि हा इतिहास आपल्याकडं शाळेत अर्ध्या ओळीत उरकतात म्हणून जरा सांगतो. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंना पुढं करून बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं आणि आम्हालाही मत द्या म्हणालं. १९१८ ला मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात तसा ठराव पण झाला. मत कुणाला द्यायचं हे ठरवायला नेमलेल्या साउथबरो कमिटीनं तरी नाहीच म्हटलं. मग १९१९ ला हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन लंडनला जाऊन बाजू मांडून आल्या, आणि शेवटी १९१९ च्या कायद्यानं काय केलं तर हा निर्णय प्रांतांच्या कौन्सिलांवर ढकलून दिला. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलनं १९२१ ला हो म्हटलं, त्या खटपटीत रमाबाई रानडेही होत्या. पण मत मिळालं कुणाला, तर ठरावीक सारा किंवा कर भरणाऱ्याला, म्हणजे जिच्या स्वतःच्या नावावर काहीतरी आहे अशा बाईलाच. त्या काळात खेड्यात जमीन नावावर असलेली बाई म्हणजे बहुतेक करून विधवाच. हे लक्षात आलं तेव्हा जिजींचा सगळा विषय आम्हाला वेगळाच दिसायला लागला.

१९३५ च्या कायद्यानं अटी थोड्या सैल झाल्या. स्वतःची मालमत्ता, किंवा अटीत बसणाऱ्या नवऱ्याची बायको असणं, किंवा लिहिता-वाचता येणं, असं प्रांताप्रांतात थोडंफार वेगळं होतं, आणि देशभरात साधारण ६० लाख बाया यादीत आल्या. त्यात डिसेंबर १९३६ ला आपल्याकडं फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलेलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोसांनी बांबूचा मंडप उभा केलेला, आणि लगेच १९३७ च्या सुरुवातीला प्रांताच्या निवडणुका. म्हणजे पूर्व खान्देशात त्या हिवाळ्यात राजकारण एकदम तापलेलं होतं.

२०२३ च्या दिवाळीच्या साफसफाईत बळदाशेजारच्या लाकडी पेटीत एक वही सापडली. मोडीत लिहिलेली. वाड्यात राहणाऱ्या नानांना ती जमाखर्चाची वही वाटली आणि ते बंबात टाकणार होते, त्यांच्या सुनेनं ती वाचनालयात आणून दिली. धुळ्याकडं राजवाडे मंडळाच्या, म्हणजे तिथल्या इतिहास संशोधन संस्थेच्या, पुण्याईनं मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, तिथून एक काका आले आणि त्यांनी दोन दुपारी बसून वही लावली. पहिल्या पानावर १९३६. आत शंभराच्या वर बायांची नावं, पुढं नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गल्ली, आणि शेवटच्या रकान्यात कुठं 'सही', कुठं 'अंगठा', कुठं 'सही शिकते आहे'. काही ठिकाणी नवऱ्याच्या नावापुढं बारीक अक्षरात 'शेजारणीने सांगितले'. बरोबर आहे, नवऱ्याचं नाव तोंडानं कोण घेणार!

प्रश्न नेमका काय होता

वही निघाल्यावर महिनाभरात गावात चार जणांना चार गोष्टी पाहिजे झाल्या. वाचनालयाला २५ जानेवारीला, म्हणजे राष्ट्रीय मतदार दिनाला, वाड्यावर कार्यक्रम घ्यायचा होता. घराण्यातल्या पुण्याच्या ताईंना वाड्यावर मोठी पाटी आणि पुढं जमलं तर स्मारक पाहिजे होतं. घराण्यातलेच सुरतचे भाऊ वाडा विकायच्या बेतात होते, त्यांना पाटीबिटी काहीच नको होतं. आणि २०२४ हे निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे गावातल्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना बॅनरवर फोटो पाहिजे होता. जिजींनी स्वतः काय केलं याची चर्चा या सगळ्यात सर्वात कमी होत होती.

वाड्याची तब्येत हा वेगळा विषय. धाब्याचं बांधकाम, सागाचे खांब अजून मजबूत, पण माडीचे पाटे वाळवीनं खाल्लेले आणि मागची भिंत पोटात आलेली. ओळखीच्या इंजिनीअरनं येऊन बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की ओटा आणि पुढचा चौक वापरा, माडीवर एकही माणूस चढता कामा नये, आणि मागच्या बाजूला दोर बांधा.

वाड्याची परवानगी

सगळ्यात आधी आडलं ते इथं. राहणारे नाना एक, पण सातबाऱ्यासारखंच सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नावं डझनभर. नानांनी तोंडी हो म्हटलं होतं आणि अप्पांना, म्हणजे आमच्या अध्यक्षांना, तेवढं पुरेसं वाटत होतं, गावात असंच चालतं. मॅडम, कॉलेजात इतिहास शिकवतात त्या, म्हणाल्या की लेखी पाहिजे. यावर बरंच ताणलं गेलं कारण लेखी मागितलं की नाना बिचकणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते बिचकलेच. म्हणाले, "भाऊ, तुम्ही बोर्ड लावशात, उद्या सरकार उनं तं आम्ही कोठे जाऊत?"

ही भीती त्यांच्या एकट्याची नाही, जुन्या वाड्यांच्या गल्लीत प्रत्येक घरी आहे. म्हणून तालुक्यातल्या एका वकिलांना घेऊन बसलो. त्यांनी समजावलं की राज्य संरक्षित स्मारक करायचं तर १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली सरकारला अधिसूचना काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, नुसती पाटी लावली म्हणून कुणी वाडा ताब्यात घेत नाही. पर्याय तीन होते. एक, नानांच्या तोंडी शब्दावर कार्यक्रम करून टाकायचा. दोन, सगळ्या वारसांची सही आल्याशिवाय काही करायचं नाही, म्हणजे थोडक्यात काहीच होणार नाही. तीन, स्मारक आणि पाटीचा विषय बाजूला ठेवून फक्त एका दिवसासाठी ओटा आणि चौक वापरायची लेखी परवानगी घराण्याच्या तिन्ही पात्यांच्या, म्हणजे शाखांच्या, एकेका माणसाकडून घ्यायची.

तिसरा धरला. शंभराच्या स्टॅम्पवर एक पानी मजकूर केला, त्यात सरळ लिहिलं की या कार्यक्रमामुळे वाड्यावर वाचनालयाचा किंवा कुणाचाही कसलाही हक्क तयार होत नाही, काही मोडतोड झाली तर समिती भरून देईल. सुरतचे भाऊ हे वाक्य वाचूनच तयार झाले. पुण्याच्या ताई मात्र नाराज झाल्या, त्यांना वाटलं की आम्ही स्मारकाचं दार आपल्या हातानं बंद केलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्या वेळी स्मारक धरून बसलो असतो तर ओटाही मिळाला नसता.

'पहिली' लिहायचं का

बॅनरचा मजकूर पुढाऱ्यांपैकी एकाच्या माणसानं परस्पर करून आणला होता: खान्देशातील पहिली महिला मतदार. घरातली आठवण अशी होती की १९२३ च्या कौन्सिलच्या निवडणुकीत जिजींनी मत दिलं. शक्यता आहे, का नाही, जमीन नावावर होती आणि मुंबई इलाख्यात बायकांना मत देता आलेली ती पहिलीच कौन्सिलची निवडणूक. पण कागद एकही नाही. आणि जरी दिलं असेल, तरी दोन खान्देश जिल्ह्यांत त्या दिवशी त्यांच्याआधी कुणीच बाई बूथवर गेली नाही हे कोण सांगणार. तशीच दुसरी आठवण होती की जानेवारी १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक झाली तिला त्या गेल्या होत्या. तिलाही आधार सापडला नाही.

मॅडमनी एक सोपी पद्धत लावली आणि ती मी कुणालाही सुचवेन. भिंतीवर तीन कागद चिकटवले. पहिल्यावर वहीत दिसतं ते, दुसऱ्यावर निदान दोन वेगळ्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना न विचारता सांगितलेलं ते, तिसऱ्यावर एकाच घरातून आलेलं. सही शिकवण्याची गोष्ट पहिल्या दोन्ही कागदांवर आली. '१९२३ चं मत' आणि 'पुणे' तिसऱ्यावर गेलं. कार्यक्रमात फक्त पहिले दोन कागद वापरायचे असं ठरलं.

पुढाऱ्याच्या माणसाला हे अजिबात पटलं नाही. त्याचं म्हणणं, 'पहिली' शब्द काढला तर पेपरवाले येतील कशाला? खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता, पेपरवाले तसे कमीच आले. पण बॅनर बदलला. नवीन मजकूर होता: जिजींची वही, १९३६. खाली फोटो कुणाचाच नाही. फोटो नाही म्हटल्यावर दोन्ही बाजूंचे पुढारी सारखेच नाराज झाले आणि त्यामुळे तो विषय तिथंच मिटला, एकाचा लावला असता तर मिटला नसता.

हळदीकुंकू करायचं की नाही

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात अवघड निर्णय होता आणि बाहेरून बघणाऱ्याला तो किरकोळ वाटेल.

२५ जानेवारी म्हणजे संक्रांत होऊन गेलेली, रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदीकुंकू सुरू असतात. बचत गटाच्या ताई म्हणाल्या की हळदीकुंकू ठेवा, दोनशे बाया येतील, व्याख्यान ठेवा, वीस येतील आणि त्यातल्या दहा शिक्षिका असतील. त्यांचं गणित बरोबर होतं. संध्याकाळी हळदीकुंकवाला जाते म्हटलं की घरात कुणी अडवत नाही, मतदानाच्या इतिहासावर कार्यक्रम आहे म्हटलं की सासू विचारते स्वयंपाक कोण करील.

पण जिजी विधवा होत्या. त्यांना त्यांच्या हयातीत याच गल्लीतल्या कुठल्याच हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नसणार, आणि आता त्यांच्याच ओट्यावर त्यांच्या नावानं हळदीकुंकू! मिटिंगमध्ये हे पहिल्यांदा बोलल्या त्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी. त्या स्वतः विधवा. त्यांनी भांडण केलं नाही, एवढंच म्हणाल्या की तुम्ही ठेवा, मी पोहे करून देईन, पण समोर येऊन बसणार नाही. त्यावर जरा वेळ कुणी काही बोललं नाही आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

एका बाजूला मॅडम, त्यांना हळदीकुंकू नावालासुद्धा नको होतं. दुसऱ्या बाजूला ताई, त्या म्हणत होत्या की तुम्ही तुमचं पुरोगामीपण सांभाळा आणि रिकाम्या खुर्च्यांना भाषण द्या. अप्पांनी सुचवलं की दोन वेगळे कार्यक्रम घेऊ, दुपारी व्याख्यान आणि संध्याकाळी हळदीकुंकू, पण त्यानं तर विधवा बाया आणि सवाष्णी आणखी वेगळ्या बसल्या असत्या. शेवटी ताईंनीच तोडगा काढला. तिळगूळ समारंभ म्हणायचं. संक्रांतीचं वाण ठेवायचं पण सगळ्यांना, दारात कुंकवाचा करंडा ठेवायचाच नाही. निमंत्रणात 'सगळ्या बायांसाठी' हे शब्द ठळक. वाण म्हणून पेन, आणि पेनासोबत मतदार नोंदणीचे कोरे फॉर्म. रात्रीला भरीत आणि कळण्याची भाकरी, सीझनच तो, वांगी एका शेतकऱ्यानं दिली.

त्या दिवशी काय झालं तर ठरवलेलं निम्मं पाळलं गेलं. बाया चिक्कार आल्या, चौक भरून ओट्याच्या पायऱ्यांवर बसल्या. मावशी समोर बसल्या. पण तासाभरानं कोपऱ्यात कुणाच्या तरी पिशवीतून करंडा निघालाच आणि सवाष्णींनी एकमेकींना कुंकू लावायला सुरुवात केली. मॅडम चिडल्या, मी त्यांना थांबवलं कारण तिथं तमाशा झाला असता. ताई उठल्या, करंडा हातात घेतला आणि ओळीनं सगळ्यांनाच लावत सुटल्या, मान हलवून नको म्हटलं तर पुढं. दोघी-तिघी विधवा बायांनी लावून घेतलं, मावशींनी नाही घेतलं. दोन घरच्या बाया उठून गेल्या आणि आठवडाभर गल्लीत तोच विषय होता. करंडा ठेवायचा नाही एवढंच ठरवून भागत नाही, तो आलाच तर कोण काय करणार हेही आधी बोलून ठेवायला पाहिजे. ताई होत्या म्हणून निभावलं.

नावं वाचली तेव्हा

कार्यक्रमाचा मुख्य भाग म्हणजे वहीतली नावं गल्लीप्रमाणे मोठ्यानं वाचायची. याला आधी विरोध होता, काही जणांना वाटलं की लोकांच्या आज्यांची नावं अशी चारचौघांत वाचणं बरं नाही. म्हणून ज्या घरांचा माग लागला त्यांना आधी जाऊन विचारलं, नाही म्हणालं एकच घर, ते नाव वाचलं नाही.

विचारायला गेलो तिथं कळलं की बऱ्याच घरांत आजीचं नावच माहीत नाही. मोठी माय, जिजी, बाई, असंच. सासरी आल्यावर नाव बदललेलं, माहेरचं वेगळं, आणि पुढं फक्त नात्यानं हाक. वहीत एका बाईचं नाव बघून साठीच्या पुढच्या नातवानं आधी वादच घातला की ही आमची नाहीच, मग जुना खरेदीखताचा कागद काढला, त्यात तेच नाव. यावरून मॅडमनी कार्यक्रमात १९५१-५२ ची गोष्ट सांगितली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच लिहून दिलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत म्हणून सांगितलं आणि शेवटी जवळपास २८ लाख बायांची नावं यादीत राहिली नाहीत. जिजींच्या वहीत पंधरा वर्षं आधी प्रत्येकीचं स्वतःचं नाव पहिल्या रकान्यात आहे, नवऱ्याचं दुसऱ्या. माझ्या दृष्टीनं 'पहिली मतदार' असण्यापेक्षा हे जास्त मोठं आहे.

आणि मग प्रश्न आला जो आमच्यातल्या कुणीच मिटिंगमध्ये काढला नव्हता. नावं संपल्यावर दलित वस्तीतले एक निवृत्त सर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, सगळ्या गल्ल्या वाचल्या, आमच्या वस्तीतलं एकही नाव आलं नाही, भिल्ल आळीचंही नाही. खरंच नव्हतं. कायद्याच्या अटी मालमत्तेच्या होत्या हे उत्तर अर्धंच आहे, कारण लिहिता-वाचता येण्याचा रस्ताही होता आणि जिजी तर सहीच शिकवत होत्या. ओट्यावर कोण येऊ शकत होतं आणि कोण नाही, हे वही न लिहिता सांगत होती.

रात्री समितीत यावर जोरात झालं. एक गट म्हणाला की मोठ्या माणसाचे दोष काढायला आपण जमलो नाही. दुसऱ्यांचं म्हणणं होतं की न सांगता पुढं गेलो तर वस्तीतलं कुणी परत येणार नाही, आणि का यावं. पर्याय दोनच होते, पुढच्या फलकात ते लिहायचं किंवा नाही. मतदान झालं आणि लिहायचं ठरलं, फार थोड्या फरकानं. ८ मार्चच्या दुसऱ्या कार्यक्रमात वहीच्या फोटोंशेजारी एक ओळ होती की या यादीत दलित आणि आदिवासी वस्तीतली एकही बाई नाही. नानांना ती ओळ अजिबात आवडली नाही, ते त्या दिवशी ओट्यावर आलेच नाहीत. सर मात्र आले, आणि त्यांनी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं, वस्तीतल्या ज्या बायांनी १९५२ ला पहिल्यांदा मत दिलं त्यांची नावं घरोघर विचारून लिहायची. ते अजून सुरू आहे.

आचारसंहिता

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. एप्रिलमध्ये तिसरा कार्यक्रम ठरला होता, सही शिकवण्याचा वर्ग आणि नावं दुरुस्तीचं शिबिर. अप्पा घाबरले आणि सगळं थांबवलं. ही काळजी जरा जास्तच होती. मतदार जागृतीसाठी निवडणूक आयोगाचाच स्वीप नावाचा उपक्रम असतो, तहसीलला एक पत्र देऊन त्याखाली शिबिर घेता आलं असतं, पुढारी आणि बॅनर टाळले की झालं. ते आम्हाला नंतर एका बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या, ताईंनी सांगितलं, तोवर मे उजाडला होता आणि ४४ डिग्रीत चौकात बसणार कोण.

काय निष्पन्न झालं

नावं दुरुस्तीची गरज खरी होती हे जुलैत दिसलं. लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले, रहिवासी दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं मतदार कार्ड चालेल असं झालं आणि पेट्यापेट्यांतून जुनी कार्डं बाहेर आली. कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. तेव्हा जानेवारीत वाणात फॉर्म नेलेल्या बाया वाचनालयात यायला लागल्या. एक सून म्हणाली, "माहेरनी यादीमा मन्हं नाव शे, आठे नही." (माहेरच्या यादीत माझं नाव आहे, इथं नाही.) लग्नाला सात वर्षं झालेली. दुरुस्ती आणि पत्ता बदलाला फॉर्म ८, नवीन नावाला फॉर्म ६, एवढं समजून घेऊन दोन कॉलेजच्या मुली रोज संध्याकाळी बसल्या आणि विधानसभेच्या आधी साठेक बायांचे अर्ज गेले. सगळे मंजूर झाले नाहीत. काहींची नावं माहेरच्या यादीतून निघालीच नाहीत, काहींचा नवऱ्याच्या आडनावातला काना-मात्रा तसाच राहिला.

वही नानांकडंच आहे. तिचं प्रत्येक पान स्कॅन करून वाचनालयात आणि धुळ्याच्या मोडीवाल्या काकांकडं ठेवलंय. मूळ वही कुठल्या तरी संस्थेत द्यावी असं आम्ही दोनदा सुचवलं, नाना म्हणतात घरची वस्तू आहे. पेटीला वाळवी लागलेली होती, त्यामुळे निदान लोखंडी डबा तरी द्या म्हणून एक डबा आणून दिला, त्यात ती ठेवलीय.

वाड्याची मागची भिंत ऑगस्टच्या पावसात पडली. कुणाला लागलं नाही. पण त्यानंतर सुरतचे भाऊ म्हणाले की आता इथं गर्दी जमवायची नाही, आणि २५ जानेवारी २०२५ चा कार्यक्रम जिल्हा परिषद शाळेच्या आवारात झाला. बाया आल्या, पण पहिल्या वर्षीच्या मानानं कमी. काही जणी तर नुसता वाडा आतून बघायला मिळतो म्हणून पहिल्यांदा आल्या होत्या, ते मान्य करायला पाहिजे.

परत करायचं तर

स्टॅम्पचा कागद एका दिवसाचा न करता तीन वर्षांचा, वर्षातून दोन दिवस, असा करायला पाहिजे होता. जानेवारी २०२४ ला सगळे वारस उत्साहात होते, तेव्हा सही मिळाली असती. भिंत पडल्यावर कोण सही देणार.

मागच्या भिंतीला तात्पुरते टेकू देण्याचा खर्च फार नव्हता, वर्गणीत निघाला असता. पण दुसऱ्याच्या घरावर खर्च का, असं समितीतले काही जण म्हणाले आणि घरच्यांना वाटलं की टेकू लावले की हक्क सांगतील. एक पानी कागदात ही ओळ टाकली असती, की दुरुस्तीला मदत केली तरी हक्क नाही, तर दोघांचीही अडचण सुटली असती.

वस्तीतल्या माणसांना पहिल्या मिटिंगला बोलवायला हवं होतं. कार्यक्रमाला सगळ्यांना निमंत्रण होतं, पण समितीत त्यांच्यापैकी कुणी नव्हतं. सरांनी जो प्रश्न सगळ्यांसमोर विचारला तो डिसेंबरातच, वही लावली त्याच आठवड्यात विचारला गेला असता आणि फलकावर काय लिहायचं यावर रात्री अकरापर्यंत भांडत बसावं लागलं नसतं.

हळदीकुंकवाच्या निर्णयावर समितीत अजून एकमत नाही. मॅडम म्हणतात तडजोड केली. ताई म्हणतात तडजोड नसती तर फॉर्म भरायला यायला बायाच नसत्या. मी ताईंच्या बाजूचा आहे, पण मावशी दुसऱ्या वर्षी शाळेतल्या कार्यक्रमाला आल्या नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत हे त्यांना जाऊन विचारायचं काम कुणीच केलेलं नाही. पुढच्या कार्यक्रमाआधी ते ताईंकडं दिलंय.

सुरतच्या भाऊंनी भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाकलाय. ओट्याची आणि चौकाची मापं, खांबांचे फोटो आणि दिंडी दरवाज्याचं रेखाटन आम्ही नानांना सांगून करून घेतलंय. पुण्याच्या ताई ओट्यापुरता भाग विकत घ्यायचं म्हणतात, तो आकडा भाऊंना मान्य नाही. मोजणीची तारीख आली की दोघांना एकदा वाचनालयात बसवायचं ठरलंय.